सोमवारची वाक्यं

दुर्भाटच्या फेरीत, मोटारसायकलला टेकून
मी वाक्यं घोकतो.
जस्ट अ क्विक अपडेट फ्रॉम माय साइड.
वी आर ऑन ट्रॅक.
अ‍ॅज ऑफ नाऊ, नो ब्लॉकर्स.
मासळीची पाटी घेऊन बसलेल्या सत्यवतीला वाटतं
मी कसलं तरी स्तोत्र म्हणतोय.
ती पाय जरा आवरून घेते.

घरी कोकणी. वर्तमानपत्र मराठी.
श्राद्धाच्या सामानाची यादी मराठीत, त्यावरून भांडण कोकणीत,
आणि सोमवारी दहा वाजता इंग्रजी,
कारण मुख्य ऑफिस चेन्नईला.

वाक्यं माझी नाहीत. सावियो फुर्ताद कुवेतला गेला तेव्हा
यार्डाच्या किल्ल्यांबरोबर डायरी देऊन गेला,
मागच्या पानावर बारीक अक्षरात:
उशीर झाला म्हणू नये, शिफ्टेड म्हणावं.
माहीत नाही म्हणू नये, आय विल गेट बॅक टू यू.
काहीच झालं नसेल तर
वी आर अलाइनिंग.

ट्रॅक खरंच आहे आमच्याकडे.
गंजलेले दोन रूळ, शेडपासून थेट जुवारीच्या पाण्यात.
बार्ज त्यावरून एकदाच उतरते, तीही उधाणाच्या भरतीला,
आणि पाणी किती चढेल हे उल्हास च्यारी सांगतो
खांबावरच्या कालवांची रेघ बघून.
त्याला रकाना नाही.

चेन्नईहून विचारलं, लो हँगिंग फ्रूट आधी का नाही घेत?
साहेब, आमच्याकडे काजू तोडत नाहीत.
बोंडू पिकून पडतो, मग वाकून वेचायचा.
हे मी म्हणालो नाही.
नोटेड म्हणालो.

बुधवारी साखळी सुटली, प्लेट खाली आली.
उल्हासच्या डाव्या हाताची दोन बोटं
हातमोज्यातच राहिली.

सोमवारी डायरी चाळली.
पेंट उशिरा आला तर काय म्हणावं, होतं.
बँकेत पैसे अडकले तर, होतं.
बोटांसाठी काही नव्हतं.
मी जुळवलं: वन रिसोर्स इज डाउन. इम्पॅक्ट मिनिमल.
पलीकडून, ग्रेट, थँक्स, नेक्स्ट.

संध्याकाळी बांबोळीला गेलो, शहाळं घेऊन.
उल्हास खिडकीकडे तोंड करून पडलेला.
साखळीचं विचारलं नाही त्याने, पगाराचंही नाही.
म्हणाला,
"मिटींगेंत म्हजें नांव घेतलें मरे?"
मी शहाळं फोडायला कोणी मिळतं का
बघायला बाहेर गेलो.

पुढच्या सोमवारी फेरीत नवीन वाक्यं.
डायरीतली नाहीत, सहावीच्या वर्गातली,
कर्ता, क्रियापद, कर्म, शेवटी टिंब:
हिज नेम इज उल्हास च्यारी.
ही लॉस्ट टू फिंगर्स.
द चेन वॉज ओल्ड.
आय टोल्ड यू इन मार्च.
शेवटचं म्हणायचं की गिळायचं
रासयचा धक्का आला तरी ठरेना.
"आयज मंत्र बदल्लो दिसता," सत्यवती म्हणाली
आणि पाटी डोक्यावर घेऊन उतरली.

दहा वाजले. चौकोनांत आठ चेहरे.
मी म्हटली, चारही,
मार्चसकट.
घाम आला होता, मानेखाली, कॉलरमध्ये.
कोणी हललं नाही.
मग एका चौकोनातल्या बाईने
कानाला हात लावून दाखवला:
यू आर ऑन म्यूट.

बाहेर ग्राइंडर सुरू झाला.
भरतीचं पाणी रुळांवर चढत होतं,
किती, ते सांगणारा बांबोळीला होता.
मी बटण दाबलं
आणि नावापासून परत सुरुवात केली.